उन्हाळी मुक्कामाला महिना कोणता निवडावा?

(कराड येथील उन्हाळी व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



विषय दिसायला हलका आहे. गेली पंधरा-वीस वर्षं एप्रिल उजाडला की मला एकच प्रश्न विचारला जातो. "सर, पोरांना घेऊन दोन रात्री बाहेर राहायचंय. तंबू आहे, माणसं आहेत. कधी जाऊ? मार्चात, एप्रिलात, का मेमध्ये?" मी भूगोलाचा मास्तर. मुलांची शिबिरं पुष्कळ नेली, त्यात चुकाही केल्या. म्हणून आज जरा सविस्तर बोलतो.

सुरुवात माझ्याच एका चुकीनं करतो. मे महिन्याचा मध्य होता. वीस-बावीस मुलं घेऊन मी वसंतगडावर मुक्कामाला गेलो होतो. इथून तळबीड किती लांब आहे, तुम्हाला माहीतच आहे. सकाळी आभाळ असं स्वच्छ, की घासून ठेवलेली परातच. दुपारी चारपर्यंत मोकळ्या पठारावर तंबू ठोकून झाले. पाचच्या सुमारास एक म्हातारे गुराखी शेरडं घेऊन खाली निघाले होते. ते थांबले, मागं पूर्वेकडं बघितलं आणि एवढंच म्हणाले, "गुरुजी, पोरं देवळात घ्या." मी पश्चिमेकडं बघत होतो. पाऊस पश्चिमेकडून येतो, हे डोक्यात पक्कं बसलेलं. पूर्वेला खरोखरच काळा ढग उभा राहिला होता. पोरं चंद्रसेनाच्या देवळात नेली. वीस मिनिटांत वारा सुटला, गारा पडल्या आणि आमच्या तंबूंपासून शे-दोनशे फुटांवरच्या झाडावर वीज पडली. कुणाला काही झालं नाही. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. भूगोल मी शिकवत होतो, आणि आभाळ वाचलं ते त्या म्हाताऱ्या बाबांनी.

तेव्हापासून मी या प्रश्नाकडं वेगळं बघायला लागलो. लोक उन्हाळ्याचा महिना निवडताना फक्त ऊन बघतात. ऊन कमी तो महिना चांगला, असा साधा हिशेब. पण उन्हाळ्यातल्या मुक्कामाला चार गोष्टी बघाव्या लागतात: ऊन, पाणी, वीज आणि वणवा. या चारही गोष्टी एकाच महिन्यात आपल्या बाजूनं कधीच नसतात. एक सुधारली की दुसरी बिघडते. म्हणून निवड करायची म्हणजे, कोणती अडचण आपण सांभाळू शकतो आणि कोणती नाही, हे ठरवायचं.

आधी ऊन घेऊ. कराड समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे. महाबळेश्वर सुमारे साडेतेराशे मीटरवर. म्हणजे फरक आठशे मीटरचा. हवा वर जाते तशी थंड होते. ढोबळ हिशेब असा, की हजार मीटरला साडेसहा अंश. आठशे मीटरला पाच अंश झाले. कोरड्या दुपारी हा फरक सात-आठ अंशांपर्यंतही जातो. म्हणून आपल्याकडं पारा चाळिशीला टेकलेला असताना महाबळेश्वरला तो तिशीच्या थोडा वर असतो. आता यातून काय निघतं? तर महिना बदलून जेवढा फायदा होतो, तेवढाच किंवा जास्त फायदा उंची बदलून होतो. मेमध्ये आगाशिवाच्या डोंगराखाली राहणं आणि मेमध्येच घाटमाथ्यावर राहणं, हे जणू दोन वेगळे ऋतू आहेत. म्हणून "कधी जाऊ" च्या आधी "कुठं जाऊ" हे विचारा.

उन्हाची आणखी एक गंमत सांगतो. आपण १७ अंश उत्तर अक्षांशाच्या थोडं वर राहतो. त्यामुळं सूर्य वर्षातून दोनदा बरोबर आपल्या डोक्यावर येतो. पहिल्यांदा ८-९ मेच्या आसपास आणि दुसऱ्यांदा ऑगस्टच्या सुरुवातीला. ऑगस्टमध्ये ढग असतात, कळत नाही. मेमध्ये मात्र दुपारी साडेबाराच्या सुमारास सरळ उभ्या काठीची सावली नाहीशी होते. मुलांना जरूर दाखवा. पण मुक्कामाच्या दृष्टीनं याचा अर्थ काय? मार्चच्या मध्याला दहा फुटांच्या भिंतीची भर दुपारी उत्तरेला साडेतीन फुटांची सावली पडते. माणूस टेकून बसू शकतो. मेच्या दुसऱ्या आठवड्यात तीच भिंत दुपारी काहीही देत नाही. तटबंदी, बुरूज, शाळेची भिंत, सगळं निरुपयोगी. मेमध्ये सावली फक्त झाडाची. म्हणून बोडक्या गडावर मेमध्ये दिवस काढायचा बेत करू नये.

दुसरी गोष्ट पाणी. इथं महिन्याचा फरक फार मोठा आहे, आणि तो थर्मामीटरला दिसत नाही. आपल्या डोंगरांवर पावसाळ्यात धो धो पाणी पडतं. कोयनानगरला सरासरी पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, आणि तिथून साठ किलोमीटरवर पूर्वेला आपल्या कराडात त्याच्या सातव्या-आठव्या हिश्श्याएवढाच. तरी घाटमाथ्यावरचे झरे मेमध्ये आटतात. कारण खालचा दगड काळा, घट्ट बेसॉल्टचा. त्यात पाणी मुरतं ते भेगांमधून आणि वरच्या जांभ्यातून. साठा थोडा, उतार जास्त. मार्चमध्ये बारीक धार असलेला झरा एप्रिलमध्ये ठिबकतो आणि मेमध्ये नुसती ओल उरते. गडावरच्या टाक्यांत पाणी दिसतं, पण हिरवं.

हिशेब करून बघू. उन्हाळ्यात चालणाऱ्या माणसाला दिवसाला चार लिटर तरी पिण्याचं पाणी लागतं. स्वयंपाक, भांडी, हात-तोंड धरून सहा लिटर धरा. म्हणजे माणशी दहा लिटर. वीस माणसांना दोनशे लिटर, म्हणजे वीस लिटरचे दहा कॅन रोजचे. एवढं पाणी पाठीवर नेता येत नाही. म्हणून जिथं गाडी जाते किंवा जिथं गावची बारमाही विहीर आहे, तिथंच मे महिन्याचा मुक्काम. मार्चमध्ये थोडं आत जाता येतं.

"मग नदीकाठीच राहू की, पाणीच पाणी," असं कुणीतरी म्हणतंच. आपल्याकडं तर कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात. पण नदीच्या पात्रात, वाळूवर तंबू ठोकू नका, उन्हाळ्यातसुद्धा नको. शेतीसाठी आणि सांगलीकडच्या उपसा योजनांसाठी उन्हाळ्यात कोयना धरणातून पाणी सोडलं जातं. पायथ्याचं वीजगृह पूर्ण चाललं की सुमारे २१०० क्युसेक पाणी नदीत येतं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला अठ्ठावीस लिटर. म्हणजे सेकंदाला जवळजवळ साठ हजार लिटर! आभाळात ढगाचा ठिपका नसतो आणि पाणी वाढतं. मुलांना वाटतं, काल इथं गुडघाभर होतं, आजही तेवढंच असेल. दर उन्हाळ्यात डोहात बुडाल्याच्या बातम्या येतात, त्या आपण वाचतोच.

पाण्याबद्दल अजून एक. रानात मेमध्ये मैलोन् मैल एखादाच पाणवठा उरतो. गवा, अस्वल, भेकर, बिबट्या, सगळ्यांचा तोच. तिथंच आपण तंबू टाकला, तर रात्रभर ती जनावरं तहानलेली बाजूला उभी राहतात. नाहीतर आपल्यावर येतात. वैशाखातल्या बुद्धपौर्णिमेच्या रात्री अनेक अभयारण्यांत पाणवठ्यावर बसून प्राण्यांची नोंद करतात, ती याचसाठी: पाणी एका जागी, उजेड चांदण्याचा, आणि प्राणी हमखास येणार. ज्यांना मेमध्ये रानात रात्र काढायची आहे, त्यांनी वनखात्याच्या अशा उपक्रमात रीतसर नाव द्यावं. मचाणावरची ती एक रात्र तंबूतल्या चार रात्रींना भारी आहे.

आता तिसरी गोष्ट, वीज. आपल्याकडं वळवाचा पाऊस साधारण एप्रिलच्या उत्तरार्धात जोर धरतो आणि मेभर चालतो. मोसमी पाऊस पश्चिमेकडून, समुद्रावरून येतो. वळवाचं तसं नसतं. दिवसभर जमीन तापते, तापलेली हवा वर उसळते, समुद्राकडून आलेली दमट हवा तिला मिळते आणि दुपारनंतर ढग उभा वाढत जातो. तो कुठल्याही बाजूनं येतो. माझ्या वेळी पूर्वेकडून आला. सर्वात धोक्याची वेळ दुपारी तीन ते रात्री आठ.

नियम सोपा आहे. वीज चमकल्यावर आकडे मोजायचे. आवाजाला एक किलोमीटर यायला तीन सेकंद लागतात. तीसच्या आत गडगडाट ऐकू आला, म्हणजे वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. तेव्हा पक्क्या इमारतीत किंवा बंद मोटारीत जायचं, आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास बाहेर यायचं नाही. तंबू विजेपासून अजिबात वाचवत नाही. एकटं झाड तर नकोच. आणि गडाचा माथा, पठार, बुरूज या सगळ्यात वाईट जागा. आम्ही देवळात गेलो, तेही सर्वांत सुरक्षित होतं असं नाही, पण मोकळ्या पठारापेक्षा शंभर पटींनी बरं. मुलांना मध्यभागी बसवायचं, भिंतीला टेकू द्यायचं नाही. पुण्याच्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचं 'दामिनी' नावाचं अॅप आहे, ते आसपास पडणाऱ्या विजा दाखवतं. जरूर घ्या. पण माथ्यावर रेंज नसते, हे धरून चाला. तिथं म्हातारबाबाच कामाला येतात.

चौथी गोष्ट वणवा. हा मार्च-एप्रिलचा धोका. ऊन सोसवतं, वळीव नसतो, सगळं छान वाटतं. पण डोंगरावर कमरेएवढं गवत वाळून कोळ झालेलं असतं. नवं गवत जोमानं येतं अशा समजुतीनं काही जण डोंगर पेटवतात. काही वेळा विडीचं थोटूक पुरतं, काही वेळा आपलीच शेकोटी. वाऱ्याबरोबर चढावर आग माणसापेक्षा वेगानं पळते. म्हणून मार्च-एप्रिलमध्ये गवताळ उतारावर शेकोटी नाही, चूलही नाही. अभयारण्यात आग लावणं वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ प्रमाणे गुन्हाच आहे. आणि धुराचा आणखी एक त्रास: गडांच्या कड्यांना आग्या मोहोळं असतात. धूर गेला, कुणी दगड मारला, की ती उठतात, आणि कड्यावर पळायला जागा नसते.

आता या चार गोष्टी घेऊन महिने लावू.

मार्चचा पूर्वार्ध. रात्री गार, घाटमाथ्यावर पहाटे शाल लागते. झऱ्यांना थोडं पाणी. पळस, पांगारा फुललेला. वीज जवळजवळ नाही. धोका फक्त वणव्याचा, आणि तो आपल्या हातात आहे. मोठ्या माणसांसाठी, चालायची सवय असलेल्यांसाठी, माझ्या मते उन्हाळ्यातला हा सर्वात चांगला काळ. अडचण एकच: मुलांच्या परीक्षा.

मार्चअखेर ते एप्रिलचा मध्य. ऊन चढतं, पाणी उतरतं, गवत सर्वात कोरडं. रात्री मात्र अजून बऱ्या. अमावास्येच्या आसपास गेलात तर तारे बघायला उत्तम. संध्याकाळी पश्चिमेला मृग मावळत असतो, सप्तर्षी वर चढलेले, पूर्वेला चित्रा आणि स्वाती. मेमध्ये ढग आणि दमटपणा येतो, आभाळ इतकं स्वच्छ राहत नाही.

एप्रिलचा शेवटचा आठवडा ते १० मे. ऊन सर्वात कडक. पण शाळा सुटलेल्या असतात, रानात करवंदं लागतात, आंबा येतो. मुलांचं शिबिर याच काळात होणार, त्याला इलाज नाही. मग जागा अशी घ्या: उंचावर, झाडीत, गाडीरस्त्यावर, शेजारी पक्की इमारत. तंबू हौसेला, पण आठ मिनिटांत सगळी मुलं छपराखाली जातील असं ठिकाण. दुपारी अकरा ते चार चालणं बंद. माथ्यावर जायचं ते पहाटे, आणि दुपारच्या आत खाली.

१० मे ते २० मे. वळीव रोजचा. माथ्यावर मुक्काम नको.

२० मेनंतर. हा काळ सगळ्यात मोहाचा, कारण काजवे! वळवाच्या चार सरी पडल्या, हवा दमट झाली, की घाटातल्या झाडांवर काजवे लखलखायला लागतात, आणि पाऊस जोरात लागेपर्यंत राहतात. जरूर बघा. पण मुक्काम गावातल्या घरात करा, तंबूत नाही. आणि बॅटऱ्यांचा झोत मारू नका. ते चमकणं म्हणजे त्यांचं एकमेकांना बोलावणं आहे. आपल्या उजेडात त्यांना जोडीदार सापडत नाही.

या शेवटच्या काळाबद्दल एक इशारा. आपण म्हणतो, रोहिणी २५ मेला, मृग ७-८ जूनला, पाऊस त्यानंतर. पंचांगातलं नक्षत्र वेळेवर येतं, पाऊस येतोच असं नाही. २०२५ साली मान्सून केरळात २४ मे रोजी आला आणि दोन दिवसांत, २६ मेला, मुंबईत पोचला. २०२३ साली तो केरळातच ८ जूनला आला आणि मुंबईला पोचायला २५ जून उजाडला. दोन वर्षांत बरोबर महिन्याचा फरक! त्यात मे २०२१ मधलं 'तौक्ते' आणि ३ जून २०२० चं 'निसर्ग' चक्रीवादळ धरा. म्हणून २० मेनंतरचा बेत आखायचा तर तो रद्द करायची तयारी ठेवून आखा. आगाऊ पैसे भरलेत म्हणून जाऊ नका. पैसे गेले तर गेले.

जाता जाता परवानगीचं. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. त्याच्या हद्दीत परवानगीशिवाय जाता येत नाही, मुक्काम तर दूरच. वासोट्याला पूर्वी कुणी राहिलं होतं, म्हणून आपणही राहू, असं चालत नाही. आधी वनखात्याच्या कार्यालयात जाऊन विचारा.

आता दोन-तीन प्रश्न घेऊ.

(प्रश्न: विंचवाची भीती कोणत्या महिन्यात?) उन्हाळ्यात ती जास्तच. दगड तापले, पहिली सर पडली, की विंचू बाहेर येतात. लाल विंचवाचा दंश लहान मुलांना जिवावरचा ठरू शकतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी त्यावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि पुष्कळ जीव वाचले. पण ते डॉक्टरांनी द्यायचं. आपलं काम म्हणजे बूट झटकून घालणं, दगड न उचलणं आणि जवळचं सरकारी रुग्णालय आधी माहीत करून ठेवणं. मांत्रिकात वेळ घालवायचा नाही.

(प्रश्न: ऊन लागलं हे ओळखायचं कसं?) घाम येतोय, चक्कर येतेय, तर सावलीत घ्या, मीठ-साखरेचं पाणी द्या. लिटरभर पाण्याला सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा. पण मूल असंबद्ध बोलायला लागलं, अंग भट्टीसारखं तापलं, तर तो उष्माघात. मग अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि त्याच मिनिटाला दवाखान्याकडं निघा. बेशुद्धाच्या तोंडात पाणी घालू नका.

(प्रश्न: सर, एकच महिना सांगा ना!) बरं, सांगतो. स्वतः जाणार असाल तर मार्चचा पहिला पंधरवडा. मुलांना नेणार असाल तर एप्रिलचा शेवटचा आठवडा, आणि तोही छपराशेजारी. पण महिना ठरवलात तरी एक काम उरतंच. निघायच्या आठवडाभर आधी त्या गावात जा, पारावर बसा आणि विचारा: विहिरीला पाणी किती, काल वळीव आला होता का, डोंगर कुठं पेटलाय. आणि तिथला एखादा गुराखी "पोरं आत घ्या" म्हणाला, तर का म्हणून विचारत बसू नका. आधी आत घ्या, मग विचारा.